नाव गमावलेले खनिज : फर्मोराइट

सोलापूरजवळच्या कुंभारीच्या माळावर काळ्या दगडाला तोटा नाही. शेताच्या बांधावरचा एखादा दगड उचलून हातात घ्या. तो बेसाल्ट आहे, हे नववी-दहावीचा विद्यार्थीही सांगेल. पण या काळ्या दगडात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक सुया असतात. दगडाचा पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तरच त्या दिसतात. या सुया अ‍ॅपेटाइट नावाच्या खनिजाच्या असतात. दगडाच्या वजनात त्यांचा वाटा जेमतेम अर्धा टक्का. आता गंमत पाहा. दगड उचलणाऱ्या विद्यार्थ्याच्या दातांवर जे चकचकीत आवरण आहे, तेही याच अ‍ॅपेटाइटच्या कुळातले. त्याच्या हाडांचा कठीण भागही त्याच कुळातला. म्हणजे माळावरचा दगड आणि तो उचलणारा मुलगा हे एका अर्थाने एकमेकांचे दूरचे नातलग आहेत!

या अ‍ॅपेटाइटच्या कुळातला एक दुर्मिळ सदस्य महाराष्ट्राच्या सीमेवर सापडला होता. त्याचे नाव फर्मोराइट. १९१० साली त्याचा शोध जाहीर झाला आणि बरोबर शंभर वर्षांनी, २०१० साली, खनिजांच्या अधिकृत यादीतून हे नाव काढून टाकण्यात आले. खनिज खोटे ठरले नाही. ज्या कारणाने ते दुर्मिळ आणि रंजक ठरले, त्याच कारणाने त्याचे नाव गेले. हे कारण समजून घेतले की आवर्त सारणीतला एक उभा स्तंभ, दातांची झीज आणि आर्सेनिकची विषबाधा या तीन वेगवेगळ्या वाटणाऱ्या गोष्टी एका सूत्रात ओवता येतात.

खनिज सापडले कसे?

कुंभारीपासून ईशान्येला सुमारे ५०० किलोमीटरवर, नागपूरच्या पलीकडे सौंसरचा मुलूख आहे. राज्याच्या नकाशात तो मध्य प्रदेशात आहे, पण तिथे मराठी घरोघर बोलली जाते. या भागातील कँब्रियनपूर्व काळातील खडकांना भूवैज्ञानिक 'सौंसर गट' असे म्हणतात. छिंदवाडा, नागपूर, भंडारा आणि बालाघाट असा हा पट्टा पसरलेला असून भारतातील मँगॅनीज धातुकाचे मोठे साठे त्यात आहेत. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर इथे खाणी सुरू झाल्या. आजही मँगॅनीज काढणाऱ्या 'मॉइल' या सरकारी कंपनीचे मुख्यालय नागपूरलाच आहे.

या साठ्यांचा पहिला सखोल अभ्यास केला तो लुइस ली फर्मोर (१८८०–१९५४) यांनी. ते १९०२ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेत दाखल झाले. खाणी पायी तुडवून, नमुने गोळा करून आणि त्यांचे पृथक्करण करवून घेऊन त्यांनी १९०९ साली भारतातील मँगॅनीज साठ्यांवर हजाराहून अधिक पानांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. या पट्ट्यातील गार्नेट आणि क्वार्ट्झयुक्त खडकाला त्यांनी गोंड लोकांवरून 'गोंडाइट' हे नाव दिले. ते आजही जगभर वापरले जाते. पुढे फर्मोर या सर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले. १९३५ साली स्थापन झालेल्या 'नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सेस ऑफ इंडिया'चे, म्हणजे आजच्या भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे, ते पहिले अध्यक्ष होते.

छिंदवाडा भागातील सीतापार येथील काळ्याकुट्ट मँगॅनीज धातुकात पांढऱ्या, किंचित गुलाबी झाक असलेल्या बारीक शिरा आढळल्या. त्यांचे पृथक्करण लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील जी. एफ. हर्बर्ट स्मिथ आणि जी. टी. प्रायर या दोन खनिजशास्त्रज्ञांनी केले. हे कॅल्शियम आणि स्ट्रॉन्शियम यांचे आर्सेनेट व फॉस्फेट आहे आणि त्याची जात अ‍ॅपेटाइटची आहे, असा निष्कर्ष त्यांनी १९१० साली जाहीर केला. फर्मोर यांच्या सन्मानार्थ या नव्या खनिजाला फर्मोराइट हे नाव देण्यात आले.

गुणधर्म

फर्मोराइटचे मोठे, देखणे स्फटिक मिळत नाहीत. ते कणमय स्वरूपात, धातुकातील शिरांमध्ये आढळते. रंग पांढरा ते फिकट गुलाबी. मोसच्या काठिन्य श्रेणीत ते सुमारे ५ वर बसते. शिक्षकांना आठवत असेल की, या श्रेणीत ५ या अंकाचे मानक खनिज अ‍ॅपेटाइटच आहे. म्हणजे काठिन्याच्या बाबतीत फर्मोराइट कुळाला धरून आहे.

फरक दिसतो तो विशिष्ट गुरुत्वात. नेहमीच्या अ‍ॅपेटाइटचे विशिष्ट गुरुत्व ३.२ च्या आसपास असते, फर्मोराइटचे मात्र सुमारे ३.५. एवढ्याच आकाराचा तुकडा दहा टक्क्यांनी जड का भरावा? उत्तर अणुभारांत आहे. फॉस्फरसचा अणुभार ३१, तर आर्सेनिकचा ७५. कॅल्शियमचा ४०, तर स्ट्रॉन्शियमचा जवळजवळ ८८. हलक्या अणूंच्या काही जागा जड अणूंनी घेतल्या, तर दगड जड होणारच. पण अशी जागा दुसऱ्याला घेता येते का? आणि घेतली तर स्फटिक मोडत कसा नाही?

पंगतीतले पाट

अ‍ॅपेटाइटची रचना समजून घेण्यासाठी पंगतीची कल्पना करू. पाट आधीच मांडलेले आहेत. काही पाट कॅल्शियमसाठी, काही फॉस्फेट गटांसाठी आणि काही थोडे पाट फ्लोराइड, क्लोराइड किंवा हायड्रॉक्सिल यांसाठी. प्रमाण ठरलेले आहे: कॅल्शियमचे ५, फॉस्फेटचे ३ आणि तिसऱ्या प्रकारचा १. फॉस्फेट गटात मध्यभागी फॉस्फरसचा एक अणू असतो आणि त्याभोवती चार कोपऱ्यांवर ऑक्सिजनचे चार अणू. या आकृतीला चतुष्फलक म्हणतात.

पंगतीत नेमून दिलेला पाहुणा आला नाही, तर त्याच्या पाटावर दुसरा बसू शकतो. अट एवढीच की, तो साधारण त्याच अंगकाठीचा असावा आणि त्याचा विद्युत्‌भार तितकाच असावा. आवर्त सारणीत कॅल्शियमच्या थेट खाली स्ट्रॉन्शियम आहे. दोघांचाही आयन दोन धन भारांचा. स्ट्रॉन्शियमचा आयन थोडा मोठा, पण चालून जाण्याइतका. फॉस्फरसच्या थेट खाली आर्सेनिक आहे. तोही ऑक्सिजनच्या चार अणूंना घेऊन चतुष्फलकच बनवतो आणि त्या गटाचा भारही फॉस्फेटइतकाच, तीन ऋण, असतो. फॉस्फेटमध्ये फॉस्फरस आणि ऑक्सिजन यांच्यातील अंतर सुमारे १.५४ अँगस्ट्रॉम असते, आर्सेनेटमध्ये ते सुमारे १.६९ अँगस्ट्रॉम. म्हणजे पाहुणा दहा टक्के रुंद. शेजाऱ्यांना जरा सरकावे लागते, पण पंगत मोडत नाही.

फर्मोराइटमध्ये या दोन्ही अदलाबदली एकाच वेळी आणि मोठ्या प्रमाणात झाल्या आहेत. हेच त्याचे वेगळेपण. अशा एकजीव मिश्रणाला घन विद्राव म्हणतात. पाण्यात साखर जशी मिसळते, तसे एका घन पदार्थाच्या सांगाड्यात दुसऱ्याचे आयन मिसळलेले असतात.

फॉस्फेट आणि आर्सेनेट यांची ही जोडी विज्ञानाच्या इतिहासात मानाची आहे. १८१९ साली आइलहार्ड मिचरलिख या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने पोटॅशियमच्या फॉस्फेटचे आणि आर्सेनेटचे स्फटिक शेजारी ठेवून मोजले, तेव्हा दोघांचा आकार सारखाच निघाला. वेगळी मूलद्रव्ये असूनही स्फटिक एकसारखे! यातूनच समरूपतेचा नियम पुढे आला आणि अणुभार ठरवण्याच्या कामी रसायनशास्त्रज्ञांना त्याचा मोठा उपयोग झाला. मिचरलिखने प्रयोगशाळेत जे दाखवले, ते निसर्गाने सीतापारच्या शिरांमध्ये फार पूर्वीच करून ठेवले होते.

मग नाव का गेले?

खनिजाला वेगळे नाव कधी द्यायचे? पंगतीत दोन प्रकारचे पाहुणे सरमिसळ बसले असतील, तर ती पंगत कोणाची म्हणायची? खनिजशास्त्राने यावर साधा तोडगा काढला आहे: प्रत्येक प्रकारच्या पाटावर ज्यांची संख्या सर्वाधिक, त्यांच्या नावे पंगत. प्रत्येक मिश्रणाला स्वतंत्र नाव देत बसले, तर नावांना अंतच राहणार नाही. नव्या नावांना मान्यता देण्याचे आणि जुन्यांची छाननी करण्याचे काम आंतरराष्ट्रीय खनिजशास्त्र संघटनेचा आयोग करतो. ही संघटना १९५८ साली स्थापन झाली.

१९९१ साली ह्यूझ आणि ड्रेक्सलर या अमेरिकन संशोधकांनी फर्मोराइटच्या मूळ नमुन्याची स्फटिकरचना क्ष-किरणांनी तपासली. दोन गोष्टी पुढे आल्या. एक म्हणजे, नेहमीच्या अ‍ॅपेटाइटप्रमाणे ही रचना षट्कोणीय नव्हती. ती थोडी कललेली, एकनत प्रकारची होती. दुसरी अधिक महत्त्वाची. चतुष्फलकांच्या जागी आर्सेनिकचे पारडे फॉस्फरसपेक्षा जड होते. कॅल्शियमच्या जागी स्ट्रॉन्शियम बरेच होते, पण बहुमत कॅल्शियमचेच. तिसऱ्या प्रकारच्या जागी हायड्रॉक्सिल अधिक. बहुमताचा नियम लावला तर हे झाले कॅल्शियमचे हायड्रॉक्सिलयुक्त आर्सेनेट.

या संघटनाचे खनिज १९८० साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, फ्रँकलिन येथे सापडले होते आणि जॉन बॉम या भूवैज्ञानिकाच्या नावावरून त्याला जॉनबाउमाइट हे नाव देण्यात आले होते. आता फर्मोराइट ७० वर्षांनी ज्येष्ठ. वयाचा मान राखायचा, तर जॉनबाउमाइटने माघार घ्यायला हवी होती. पण २०१० साली अ‍ॅपेटाइट कुळाच्या नामकरणाची नव्याने घडी बसवताना तज्ज्ञांनी शुद्ध संघटनाशी निगडित असलेले जॉनबाउमाइट हे नाव कायम ठेवले आणि फर्मोराइटला 'जॉनबाउमाइट-एम' असे संबोधले. यातील 'एम' हे अक्षर एकनत रचनेचे निदर्शक आहे.

सीतापारच्या नशिबी हे पहिल्यांदाच आले नव्हते. फर्मोर यांनी याच गावावरून दुसऱ्या एका खनिजाला 'सीतापाराइट' हे नाव दिले होते. ते अमेरिकेत १८९७ साली नाव मिळालेले बिक्सबाइटच आहे, असे नंतर सिद्ध झाले आणि गावाचे नावही यादीतून गेले. विज्ञानात नाव हा बहुमान नसतो. 'हे इतरांहून वेगळे आहे' असा तो दावा असतो आणि दावा कधीही फेरतपासणीला बोलावता येतो. ते विद्यार्थ्यांना सांगण्यासाठी याहून जवळचे उदाहरण मिळणे कठीण.

हाडांतला पाहुणा

ही पाटांची अदलाबदल केवळ खाणीतली गोष्ट नाही. आपल्या दातांचे बाह्य आवरण वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असते आणि हे खनिज म्हणजे हायड्रॉक्सिल गट असलेले अ‍ॅपेटाइट. तोंडातील आम्लता वाढून सामू साधारण ५.५ च्या खाली गेला की ते विरघळू लागते. दात किडण्याची सुरुवात इथे होते. हायड्रॉक्सिलच्या पाटावर फ्लोराइड बसले, तर रचना अधिक घट्ट होते आणि आम्लाला अधिक काळ तोंड देते. फ्लोराइडयुक्त टूथपेस्टचे मर्म हेच. पण पाहुणे फार झाले की तेच अंगाशी येते. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असलेल्या गावांत दातांवर तपकिरी डाग आणि हाडांत ताठरपणा दिसतो. विदर्भातील यवतमाळ, चंद्रपूर या जिल्ह्यांतल्या अनेक गावांना हा अनुभव आहे.

कॅल्शियमच्या पाटावर स्ट्रॉन्शियम बसते, याचा धडा जगाला अणुचाचण्यांनी दिला. हवेतील चाचण्यांतून किरणोत्सारी स्ट्रॉन्शियम-९० गवतावर पडले, गाईच्या दुधात उतरले आणि मुलांच्या वाढत्या दातांत जाऊन बसले. अमेरिकेतील सेंट लुइस शहरात १९५८ च्या अखेरीपासून मुलांचे पडलेले दुधाचे दात लाखोंच्या संख्येने गोळा करण्यात आले आणि त्यांत हे स्ट्रॉन्शियम मोजण्यात आले. हवेतील चाचण्यांवर बंदी घालणारा करार १९६३ साली झाला. त्यासाठी जे लोकमत तयार झाले, त्यात या दातांचाही वाटा होता.

जिथे अदलाबदल चालत नाही

आता राहिली फॉस्फरस आणि आर्सेनिकची जोडी. स्फटिक आर्सेनेटला सामावून घेतो. सजीवांच्या पेशीला हे जमत नाही, आणि त्यातच आर्सेनिकच्या विषारीपणाचे एक कारण दडलेले आहे.

पेशीला फॉस्फेट हवेच. डीएनएचा कणा फॉस्फेटचा, ऊर्जेचे चलन असलेल्या एटीपीत फॉस्फेट. त्यामुळे पेशीच्या दारावर फॉस्फेटला आत घेणारी प्रथिने असतात. आर्सेनेट दिसायला सारखे, म्हणून तेही त्याच दाराने आत शिरते. ग्लुकोजच्या विघटनात एका पायरीवर फॉस्फेटऐवजी आर्सेनेट जोडले जाते. पण फॉस्फेटचा बंध पाण्यात टिकतो, आर्सेनेटचा बंध पाण्याशी गाठ पडताच तुटतो. प्रक्रिया पुढे सरकते, ग्लुकोज खर्च होते, पण त्या पायरीवर मिळायचे ते एटीपी मिळत नाही. मजुराने दिवसभर राबावे आणि संध्याकाळी हाती पडलेली नोट खोटी निघावी, तसे हे आहे. आर्सेनिकचे दुसरे रूप, आर्सेनाइट, याहून घातक असते. ते प्रथिनांतील गंधकाला जखडून त्यांचे काम बंद पाडते.

गंगेच्या खोऱ्यात, विशेषतः पश्चिम बंगालमध्ये, भूजलातील आर्सेनिकने अनेकांचे आयुष्य पोखरले आहे. महाराष्ट्राच्याही ते फार दूर नाही. गडचिरोली जिल्ह्याला लागून असलेल्या छत्तीसगडच्या अंबागड चौकी भागात, कौडीकसा गावात, विहिरी आणि कूपनलिकांच्या पाण्यात खडकांतूनच उतरलेले आर्सेनिक आढळले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी घातलेली मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम इतकी अल्प आहे. आर्सेनिकला रंग, वास, चव काहीच नसते. पाणी तपासल्याखेरीज ते कळत नाही.

२०१० साली, म्हणजे फर्मोराइटचे नाव गेले त्याच वर्षी, एक खळबळजनक बातमी आली. कॅलिफोर्नियातील मोनो सरोवरातील एक जिवाणू डीएनएत फॉस्फरसऐवजी आर्सेनिक वापरतो, असा दावा 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मिचरलिखपासून चालत आलेली समरूपता जणू जीवसृष्टीतही लागू पडत होती! पण २०१२ साली इतर संशोधकांनी प्रयोग पुन्हा करून पाहिले. तो जिवाणू आर्सेनिकने भरलेल्या पाण्यात तग धरतो हे खरे, पण त्याला वाढीसाठी लागते फॉस्फरसच. उलट त्याच्याजवळची प्रथिने हजारो आर्सेनेटांच्या गर्दीतून नेमके एक फॉस्फेट निवडण्यात पटाईत आहेत, असे दिसले. १.५४ आणि १.६९ अँगस्ट्रॉम यांतला जो फरक स्फटिकाने पोटात घातला, तो या प्रथिनांनी ओळखला. मूळ शोधनिबंध 'सायन्स'ने जुलै २०२५ मध्ये मागे घेतला.

वर्गात काय करता येईल?

फर्मोराइटचा नमुना शाळेत मिळणार नाही, आणि आर्सेनिकची संयुगे वर्गात आणायचीही नाहीत. पण समरूपता दाखवता येते. क्रोम तुरटीचा जांभळा स्फटिक दोऱ्याला बांधून साध्या तुरटीच्या संपृक्त द्रावणात सोडा. काही दिवसांत जांभळ्या स्फटिकावर रंगहीन तुरटीचा थर चढतो आणि बाहेरचा आकार तोच राहतो. क्रोमियमच्या पाटांशेजारी ॲल्युमिनियम येऊन बसले, पण पंगत तीच. ज्या वर्गात हा प्रयोग होईल, तिथे समरूपतेची व्याख्या पाठ करावी लागणार नाही.

दुसरा प्रयोग आणखी सोपा आहे. कोंबडीचे साफ केलेले हाड व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा आणि दर दिवसाआड व्हिनेगर बदला. आठवडाभरात हाड रबरासारखे वाकू लागते. त्यातले अ‍ॅपेटाइट आम्लात विरघळून गेलेले असते आणि मागे राहतात ती प्रथिने. दात किडतात म्हणजे काय होते, हे याहून स्पष्ट दाखवता येणार नाही.

यानंतर विद्यार्थ्यांना आवर्त सारणीत कॅल्शियम-स्ट्रॉन्शियम आणि फॉस्फरस-आर्सेनिक या दोन जोड्या शोधायला सांगा. एकाच स्तंभातील मूलद्रव्यांचे गुणधर्म सारखे असतात, हे वाक्य ते पाठ करतातच. 'सारखे' म्हणजे किती सारखे आणि कुठवर सारखे, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. तो विचारा. सीतापारच्या पांढऱ्या शिरांमध्ये आणि कौडीकशाच्या विहिरींत या प्रश्नाची दोन वेगवेगळी उत्तरे आहेत.